ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक बायकांच्या बाजूनं कसं वाचायचं?

माणदेशी_सदस्य विचारतात:

नमस्कार. मी माण तालुक्यातल्या (जि. सातारा) एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे, महिला राखीव जागेवरून निवडून आलेली. यंदा पहिल्यांदाच अंदाजपत्रकाची झेरॉक्स मागून घेतली. भाऊसाहेबांनी (ग्रामसेवकांनी) दिली, पण "तुम्हाला कशाला हवी, वहिनी?" असं विचारूनच दिली.

मासिक सभेत मी विचारलं, यात बायकांसाठी काय आहे? उत्तर आलं, "१० टक्के ठेवलेत की! पान तीन बघा." बघितलं. "महिला व बालकल्याण, ६०,००० रुपये. शिवणकाम प्रशिक्षण व साहित्य वाटप." गेल्या वर्षीही अक्षर न् अक्षर हेच होतं. आमच्या गावात जिला शिवायला येतं तिच्याकडं मशीन आहेच. जिला येत नाही तिला ते प्रशिक्षणातही येत नाही, कारण ते आठवडाभर चालतं आणि नेमकं ज्वारीच्या काढणीत ठेवतात.

बाकीच्या पानांवर आहे ते असं: गावठाणात पेव्हिंग ब्लॉक, एलईडी पथदिवे १२ नग, ओपन जिम, स्मशानभूमीला संरक्षक भिंत, पाणीपुरवठा देखभाल दुरुस्ती, अंगणवाडी रंगरंगोटी. मला वाटतं, यातल्या प्रत्येक कामाचा बायकांशी काहीतरी संबंध आहे. पण तो दाखवायचा कसा? नुसतं "आम्हाला त्रास होतो" म्हटलं की सभेत हसतात. सरकारच्या बजेटमध्ये "जेंडर बजेट" म्हणून काहीतरी असतं असं एका प्रशिक्षणात ऐकलं होतं. तसं गावाच्या पातळीवर करता येतं का? कुणी केलंय का? सोप्या भाषेत सांगा, मी बारावी आहे.

---

फलटणचा_पोरगा:

ई-ग्रामस्वराजच्या साइटवर जा, राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडा. वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून गावाला येणाऱ्या, पैशातला आराखडा आणि खर्च तिथं दिसतो. झेरॉक्स मागायची गरज नाही, कुणी "कशाला हवी" विचारणार नाही.

---

रानातला_गडी:

ताई, राग मानू नका, पण हे बायकांचं-पुरुषांचं वेगळं बजेट मला पटत नाही. दिवा लागला की उजेड सगळ्यांवर पडतो. रस्ता झाला की त्यावरून बाई पण चालते, बाप्या पण चालतो. आणि बायकांसाठी आता कमी आहे का? एसटीला अर्धं तिकीट, लाडकी बहीणचे १५०० महिन्याला. २०२४ च्या बजेटात त्या एका योजनेला ४६ हजार कोटी सांगितले होते. अजून गावाच्या ओपन जिममध्ये पण वाटा पाहिजे का?

---

निवृत्त_लोकलफंड:

ताई, मी लोकल फंड ऑडिटला होते. ग्रामपंचायती, नगरपालिका, जिल्हा परिषद, सगळीकडची दप्तरं तपासलीत. जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी ते पान तीन उरकू. महिला व बालकल्याणाचे १० टक्के हे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नावर असतात, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, गाळाभाडं, बाजार फी यांच्यावर. वित्त आयोगाचा पैसा त्यात धरत नाहीत. तुमचे ६०,००० म्हणजे स्वउत्पन्न ६ लाख धरलेलं आहे. आता समजा वित्त आयोगाचे आणि इतर अनुदानाचे मिळून १४ लाख येतात. (तुमचा आकडा झेरॉक्सवर असेल, तो घाला.) एकूण झाले २० लाख. त्यात ६०,००० म्हणजे ३ टक्के. सभेत तुम्हाला ज्या पानावर बोट ठेवून गप्प केलं ते पान २० लाखांतल्या ६० हजारांचं आहे. उरलेल्या १९ लाख ४० हजारांत बायका कुठं आहेत, हा तुमचा प्रश्न. तो बरोबर आहे आणि तो सोडू नका.

आणि ते ६०,००० सुद्धा खरे असतीलच असं नाही. अंदाजपत्रकात ६ लाख लिहितात ती मागणी असते, वसुली नव्हे. वसुली ४ लाख झाली की १० टक्के आपोआप ४० हजारांवर येतात. म्हणून नमुना १ (अंदाजपत्रक) एकटा वाचू नका. सोबत नमुना २ मागा, त्यात वर्षाच्या मध्यात पैसा इकडचा तिकडं फिरवलेला दिसतो, आणि नमुना ३ मागा, त्यात वर्षाअखेरचा खरा जमाखर्च असतो. तीन कागद शेजारी ठेवले की निम्मी गंमत कळते. एप्रिल ते जानेवारी शून्य खर्च आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळा, असं महिला बालकल्याणाच्या शीर्षात (खर्चाच्या खात्यात) मी इतक्यांदा बघितलंय की त्याचं नवल वाटेनासं झालं होतं.

एका गावचं सांगते, नाव नको. व्हाउचर होतं "जागतिक महिला दिन, प्रशिक्षण कार्यक्रम". बिलं लावलेली: मंडप, स्पीकर, नाष्टा, शाली, नारळ, पाहुण्यांसाठी फेटे. सोबत महिलांच्या सह्यांचा हजेरीपट. त्यातल्या सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाच्या, सगळ्या "सौ." चे ठिपके एकाच उंचीवर आणि आडनावं मतदार यादीच्या क्रमानं. ज्यानं केल्या त्यानं यादी समोर ठेवून बसल्या बैठकीत उरकलेलं होतं. मी आक्षेप लिहिला. पूर्तता अहवालात, म्हणजे ग्रामपंचायतीच्या उत्तरात, काय आलं असेल? "यापुढे दक्षता घेण्यात येईल." माझ्या अधिकारात तेवढंच होतं. पण फेटे बायकांच्या पैशातून आणि बांधले कुणाला, हे मात्र मी आक्षेपात मुद्दाम लिहिलं होतं.

आता बाकीची पानं. रानातल्या गड्याचं म्हणणं मी नोकरीभर ऐकलं, त्यामुळे त्याच्याच दिव्यापासून सुरू करते. "१२ नग एलईडी" ही ओळ स्त्रीची नाही, पुरुषाची नाही. कबूल. पण दिवा खांबावर लागतो आणि खांब कुठल्यातरी एका जागी असतो. तो देवळासमोर, पारावर, सरपंचांच्या बोळात लागला की तिथं रात्री दहापर्यंत बसणाऱ्यांच्या अंगावर उजेड पडतो. तो फाट्यावरून गावात येणाऱ्या वाटेवर लागला तर शेवटच्या एसटीनं येणाऱ्या पोरींच्या. किंमत तीच, बिल तेच, शीर्ष तेच. म्हणून ऑडिटरला त्यात काही दिसत नाही. माझ्या तपासणीत प्रश्न एवढाच असायचा, की १२ खरेदी केले, १२ लागले का? लागले. संपलं. कुठं लागले हे विचारायला माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता. तो रकाना तुम्ही हातानं आखायचा. गावातलं जेंडर बजेट म्हणजे निम्म्याहून जास्त हेच.

प्रत्येक ओळीपुढं पेन्सिलीनं लिहा: हे काम मागितलं कुणी, होणार कुठं, दिवसाच्या कुठल्या वेळी उपयोगाचं, आणि झाल्यावर ते सांभाळायला कुणाचे हात लागणार. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. शाळेत मुलींचं स्वच्छतागृह बांधायला पैसा मिळतो, बांधकामाचा फोटोही निघतो. त्यात पाणी नाही आणि साफ करायला माणूस ठेवलेला नाही. मग त्याला कुलूप लागतं, किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात, आणि मोठ्या मुली पाळीच्या दिवसांत शाळेत येत नाहीत. कागदोपत्री खर्च १०० टक्के झालेला आहे.

पाण्याचंही बघा. पंधराव्या वित्त आयोगात (२०२१-२६) ६० टक्के निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा, आणि ४० टक्के अबंधित. कागदावर बघाल तर बायकांच्या सोयीचा याहून चांगला नियम नाही. पण पाणी येतं किती वाजता? घरोघरी नळाच्या जलजीवन योजनेत माणशी रोज ५५ लिटरचं माप आहे. ते ५५ लिटर पहाटे साडेतीनला सोडले तरी माप पुरं होतं, आणि दिवसाआड दुपारी एकला, बायका रानात असताना सोडले तरी! व्हॉल्व्ह सोडणाऱ्याची वेळ कुठल्याच अंदाजपत्रकात नसते. ती बदलायला एक रुपयाही लागत नाही. मी तुमच्या जागी असते तर सगळ्यात आधी हेच मागितलं असतं, कारण "निधी नाही" हे उत्तर त्याला देता येत नाही.

सरकारचीच एक आकडेवारी हाताशी ठेवा, सभेत कामाला येते. केंद्राच्या वेळ-वापर पाहणीत २०२४ साली असं निघालं की घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. त्यातही पुरुषांमधला जो घरकाम करतोच, त्याचीच ती ८८ मिनिटं आहेत. बहुतेक पुरुष करतच नाहीत. मोफत राबणारी ही माणसं हाताशी आहेत म्हणून ग्रामपंचायतीला पाण्याची वेळ कशीही ठेवून चालतं.

---

रानातला_गडी:

पाण्याच्या वेळेचं पटलं. आमच्याकडं पण पहाटे चारला सोडतात, घरात भांडणं त्याच्यावरूनच. पण लाडकी बहीणचं उत्तर दिलं नाही तुम्ही.

---

निवृत्त_लोकलफंड:

देते. मी त्या योजनेच्या विरोधात नाही. जुलै २०२४ पासून २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसे जातात ही मोठी गोष्ट आहे. किती जणींनी त्याआधी बँकेचं स्लिपबुक हातात धरलं नव्हतं ते मला माहीत आहे. ४६ हजार कोटी तुम्ही म्हणता ते बरोबर, पुढच्या वर्षी तरतूद ३६ हजार कोटींवर आली.

पण माण तालुक्यात उन्हाळ्यात काय होतं? नळाला पाणी नाही, मग जार विकत, नाहीतर शेजाऱ्याच्या बोअरचं पाणी पैसे देऊन. ते पैसे कुठून जातात? तिच्याच खात्यातले. एका खिशातून सरकारनं दिलं आणि पाण्याची योजना नीट चालवली नाही म्हणून दुसऱ्या वाटेनं ते गेलं. कुठल्या बजेटानं किती भलं केलं हे एका योजनेचा आकडा वाचून कळत नाही, ते तिच्या घरात जमा-नावे मांडल्यावरच कळतं.

---

सदाशिवपेठी_मास्तरीण:

चर्चा छान चालली आहे. मी पुण्यात कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, मूळ प्रश्नात "सरकारचं जेंडर बजेट" आलं होतं म्हणून थोडी भर घालते.

बजेटमधला पैसा स्त्रियांपर्यंत किती पोचतो ते मोजायची ही कल्पना पहिल्यांदा १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियात राबवली गेली. आपल्या केंद्र सरकारनं २००५-०६ च्या अर्थसंकल्पापासून त्याचं स्वतंत्र विवरणपत्र द्यायला सुरुवात केली. त्यात भाग अ म्हणजे ज्या योजनांचा १०० टक्के पैसा स्त्रियांसाठी आहे त्या. भाग ब मध्ये ३० ते ९९ टक्के. ३० टक्क्यांच्या खालच्यांसाठी २०२४-२५ पासून भाग क आला. २०२५-२६ ला तिन्ही मिळून ४ लाख ४९ हजार कोटी दाखवले, एकूण अर्थसंकल्पाच्या ८.८६ टक्के. आदल्या वर्षी ते ६.८ टक्के होते.

वर्गात मी मुलांना विचारते, एका वर्षात स्त्रियांवरचा खर्च खरंच इतका वाढला का? मग विवरणपत्र उघडून दाखवते. ग्रामीण घरकुल योजनेची अख्खी तरतूद वर्षानुवर्षं भाग अ मध्ये मोजत आले. का, तर घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर होतं. नावावर होणं महत्त्वाचंच आहे, पण घरात नवरा, सासरा, मुलगे सगळे राहतात. मग तो १०० टक्के स्त्रियांवरचा खर्च कसा? पीएम-किसानमधले २५ टक्के २०२४-२५ ला भाग क मध्ये आले, कारण लाभार्थींत साधारण तेवढ्या बायका. त्याआधीही बायका ते पैसे घेतच होत्या, फक्त या तक्त्यात मोजल्या जात नव्हत्या. म्हणजे आकडा वाढतो त्यातला बराच भाग मोजणी वाढल्यामुळे असतो. नवं खातं तक्ता भरायला लागलं की बेरीज फुगते.

आणि हे सगळं खर्चाच्या बाजूचं झालं. जमेची बाजू कुणी बघतच नाही. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. सुरुवातीला अट होती की ते घर १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती २०२३ मध्ये काढली. सूट चांगली, पण मिळते कुणाला? जिच्या घरात फ्लॅट घेण्याइतका पैसा आहे तिला. फ्लॅट ८० लाखांचा असेल तर ८० हजार वाचले. माणदेशी ताईंच्या अख्ख्या गावच्या महिला बालकल्याणाला ६० हजार आहेत. हे दोन आकडे मी यापुढे वर्गात शेजारी-शेजारी लिहिणार आहे.

---

निवृत्त_लोकलफंड:

मास्तरीणबाई, हेच गावातही होतं. दरवर्षी "महिला व बालकल्याण" शीर्षात अंगणवाडीची रंगरंगोटी टाकतात. पोरं म्हणजे बाईची जबाबदारी, म्हणून पोरांच्या भिंतीचा रंग बाईच्या पैशातून. माणदेशी ताई, तुमच्या यादीत अंगणवाडीचं काम कुठल्या शीर्षात आहे ते तपासा बरं.

---

माणदेशी_सदस्य:

सगळ्यांचे आभार. ताई, तपासलं. रंगरंगोटी १० टक्क्यांतच आहे, ६०,००० मधले २५,०००. म्हणजे शिवणकामाला राहिले ३५,०००.

तुमचं वाचून बचतगटाच्या बायका आणि मी संध्याकाळी साडेसातला निघालो. आधी फाट्यापर्यंत गेलो आणि तिथून एसटी आल्यावर पोरींबरोबर परत चालत आलो. दहिवडीला कॉलेजला जाणाऱ्या पोरी शेवटच्या गाडीनं येतात. गाडी आत येत नाही, फाट्यावर सोडते. तिथून गाव सव्वा किलोमीटर. वाटेत ओढ्यावरचा पूल, त्याच्या कठड्यावर बसलेली टोळकी, मग आमच्या गावची मागासवर्गीय वस्ती, मग गाव. फाटा ते वस्ती एकही दिवा नाही. वस्तीत दोन खांब आहेत, त्यातला एक बंद. पोरी मोबाइलची बॅटरी लावून चालतात, पण ती लावली की टोळक्यांना लांबूनच दिसतं की पोरी येतायत. म्हणून पुलाच्या अलीकडं बॅटरी बंद करतात. हे मला माहीत नव्हतं. माझी पोरगी अजून सातवीत आहे.

एका मुलीला तिच्या वडिलांनी बारावीनंतर याच कारणानं घरी बसवलंय. तिला बारावीपर्यंत एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत होता, आता २०२३ पासून अर्धं तिकीट. म्हणजे सरकारनं तिला फाट्यापर्यंत आणून सोडलं. पुढचा सव्वा किलोमीटर आमचा होता.

मग १२ दिवे कुठं लागणार ते भाऊसाहेबांना विचारलं. यादी आहे: देवळासमोर ३, चावडी १, पेठेत ४, नवीन कमानीवर २, ओपन जिमजवळ २. फाट्याच्या वाटेवर एकही नाही.

गडी दादा, तुम्ही म्हणाला होता उजेड सगळ्यांवर पडतो. आमच्या यादीत तो कुणावर पडतोय ते बघा.

आता मला सांगा, हे सभेत मांडायचं कसं? तोंडी बोलले तर इतिवृत्तात "चर्चा झाली" एवढंच लिहितात.

---

रानातला_गडी:

बघितली यादी. कमानीवर दोन दिवे कशाला, कमान काय पळून जाणार आहे का?

---

निवृत्त_लोकलफंड:

ताई, तुम्ही केलंत ते मी नोकरीत कधी केलं नाही, आम्ही दिवसा जायचो.

आता कागद. कायद्यानं ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. तुमच्याकडे ती होत असेल तर बहुधा कागदावरच होत असेल. यावेळी खरी घ्या, आणि बायका कामावरून आल्यानंतरच्या वेळेला घ्या. कोरम, हजेरी, इतिवृत्त सगळं नीट. सह्या ज्याच्या त्याच्या. जिला येत नाही तिचा अंगठा, शेजारी साक्षीदाराची सही. तिथं शिफारस मंजूर झाली की मासिक सभेला तुम्ही लेखी विषय द्या, कारण तोंडी विषय "आयत्या वेळी" मध्ये जातो आणि तिथंच मरतो.

मसुदा असा ठेवा, हवे ते बदल करा:

> *विषय: मंजूर एलईडी पथदिव्यांच्या जागा निश्चित करणे.*
> *दि. … रोजीच्या महिला सभेने केलेल्या शिफारशीवर सभेत विचारविनिमय झाला. शेवटच्या एसटीने येणाऱ्या विद्यार्थिनी व कामावरून परतणाऱ्या महिला फाटा ते गाव हा रस्ता अंधारात पायी येतात, सदर रस्त्यावर फाटा ते वस्ती एकही पथदिवा नाही, ही बाब सभेच्या निदर्शनास आणण्यात आली. त्यानुसार १२ पथदिव्यांपैकी ७ दिवे फाटा ते वस्ती या रस्त्यावर, पुलाच्या दोन्ही टोकांसह, बसवावेत. वस्तीतील बंद दिवा १५ दिवसांत दुरुस्त करावा. उर्वरित ५ दिव्यांच्या जागा मासिक सभेने ठरवाव्यात, असे ठरले. नळपाणी सोडण्याची वेळ सकाळी ६ ते ८ अशी निश्चित करून फलकावर लावावी, असेही ठरले. अंगणवाडी रंगरंगोटीचा खर्च महिला व बालकल्याण निधीतून न करता अन्य निधीतून करावा.*
> *सूचक: … अनुमोदक: …*

तीन विषय एका ठरावात कोंबलेत ते मी मुद्दाम. वादाला एक विषय सोडता येतो. रंगरंगोटीवर अडले तर ती सोडा, दिवे सोडू नका. विरोधात कुणी बोललं तर मतदान मागा आणि कोण कुठल्या बाजूला ते नावानिशी लिहायला लावा. नाव लिहिलं जातंय म्हटल्यावर पुष्कळांचा विरोध मावळतो.

---

सदाशिवपेठी_मास्तरीण:

महिला सभेत पुरुषांना बसू देतात का? आमच्या एका विद्यार्थिनीच्या गावी सरपंच बाईंचे यजमानच सभा चालवतात म्हणे.

---

निवृत्त_लोकलफंड:

सरपंचपती हा स्वतंत्र धागा होईल, इथं नको. २०११ पासून राज्यात निम्म्या जागा बायकांच्या आहेत. खुर्चीवर बाई आणि सही करायला लावणारा तिच्या मागं उभा, हे अजून आहेच. ताईंच्या सभेला भाऊसाहेब लिहायला बसतील तेवढे पुरुष पुरे.

---

रानातला_गडी:

एक अडचण सांगतो, आधी बघून घ्या नाहीतर सभेत तोंडावर पडाल. फाटा ते गाव रस्ता ग्रामपंचायतीचा आहे का जिल्हा परिषदेचा? आमच्याकडं असाच ठराव झाला आणि "रस्ता आपला नाही" म्हणून दोन वर्षं पडून राहिला. दुसरं, तिथं महावितरणचे खांब आहेत का? नसतील तर खांबाचा खर्च दिव्यापेक्षा जास्त येतो, आणि मग ७ चे ३ होतात.

---

माणदेशी_सदस्य:

खांब आहेत, पुलापर्यंत. शेतीची लाइन गेलीय त्याच बाजूनं. पुलापासून वस्तीपर्यंत नाहीत. रस्त्याचं विचारावं लागेल.

---

निवृत्त_लोकलफंड:

गड्याचा मुद्दा रास्त आहे. रस्ता जिल्हा परिषदेचा निघाला तर बांधकाम विभागाच्या उपअभियंत्याकडून ना हरकत घ्यावी लागेल. पण गावच्या हद्दीत दिवाबत्ती करणं हे ग्रामपंचायतीच्याच कामांच्या यादीत आहे, त्यामुळे "आपला विषय नाही" असं कुणाला म्हणता येणार नाही. ठरावात "आवश्यक ती ना हरकत घेऊन" हे शब्द घाला. पुलापासून वस्तीपर्यंत खांब नाहीत तर तिथं सोलरचे दिवे बसतात का ते विचारा. किंमत जास्त पडते आणि बॅटरी चोरीला जाते, पण वीजबिल येत नाही. आधी खांब आहेत तेवढ्यावर दिवे लावून घ्या. पूल उजेडात आला तरी खूप झालं.

आणि शेतीच्या लाइनच्या खांबावर दिवा लावायचा तर महावितरणला विचारा, त्यावर सिंगल फेज रात्री असते का ते. नाहीतर दिवे लागतील आणि रात्री लाइटच नसेल.

---

माणदेशी_सदस्य:

वायरमनचा नंबर आहे माझ्याकडं. उद्या सकाळी फोन करते, मग महिला सभेची नोटीस काढायला सांगते. पाण्याच्या वेळेचं मात्र थांबत नाही, पाणी सोडणारा आमच्याच आळीतला आहे.